समोरचा वारा आणि सायकलस्वाराचा हिशेब



पावसाळ्यात धायरीहून खडकवासल्याकडे सायकलने गेलात, तर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो आणि पाय लवकर भरून येतात. नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, जाताना वाऱ्याने जेवढे अडवले, तेवढेच येताना ढकलले. मग फिटंफाट व्हायला हवी होती. तरी घरी पोहोचायला उशीर झाला आणि बोलणी खावी लागली. माझीच ताकद कमी पडली का?"

त्याचा प्रश्न साधा वाटतो, पण लांबच्या प्रवासाला निघालेल्या प्रत्येक सायकलस्वाराला तो भेडसावतो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली सायकलवरून जगप्रदक्षिणा केली. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. जुलैत ऑस्ट्रेलियातील पर्थहून त्या निघाल्या आणि २३ डिसेंबरला कोलकात्यात पोहोचल्या. १५९ दिवसांत १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर! कॅनडात अस्वल पाठीस लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लूट झाली, रशियात बर्फात एकटीने तंबूत रात्री काढाव्या लागल्या. अशी संकटे सर्वांच्या लक्षात राहतात. पण न दिसणारा आणि रोज भेटू शकणारा एक शत्रू असतो. तो म्हणजे समोरचा वारा.

२९,००० ला १५९ ने भागा. दररोज सरासरी १८२ किलोमीटर येतात. आता हे १८२ किलोमीटर वाऱ्यात कसे महाग पडतात, ते पाहू.

समजा, स्वार, सायकल व सामान मिळून वस्तुमान ९० किलोग्रॅम आहे. सपाट रस्त्यावर चाकांना होणारा घर्षणाचा विरोध सुमारे ७ न्यूटन धरू. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या स्वारासाठी तो ०.३ गुणिले वेगाचा वर्ग इतका धरू. येथे वेग म्हणजे स्वाराला जाणवणाऱ्या वाऱ्याचा वेग, मीटर दर सेकंदात.

हवा शांत आहे आणि स्वाराचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर आहे. हवेचा विरोध ०.३ × २५ = ७.५ न्यूटन. एकूण विरोध १४.५ न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून १४.५ × ५ = ७२.५ वॅट. एवढी शक्ती सराव असलेला माणूस दिवसभर देऊ शकतो. १८२ किलोमीटरला सुमारे १० तास लागतील.

आता समोरून सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा सुटला. हे काही वादळ नव्हे. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, इतकाच वारा. पण स्वाराला जाणवणारा वेग ५ + ५ = १० झाला. वेग दुप्पट, म्हणून विरोध चौपट : ३० न्यूटन! जुना वेग टिकवायचा, तर ३७ × ५ = १८५ वॅट शक्ती हवी. पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक! शक्ती ७२.५ वॅटच ठेवली, तर गणिताने वेग येतो ताशी सुमारे १०.२ किलोमीटर. १८२ किलोमीटरला जवळजवळ पावणेअठरा तास लागतील. मग झोपायचे केव्हा आणि जेवायचे केव्हा?

जेवणाचा हिशेबही पाहा. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा सुमारे चौथा भागच कामात रूपांतरित करतात. उरलेल्याची उष्णता होते. त्यामुळे शांत हवेत या अंतरासाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील, वाऱ्यात ४,४००. एका चपातीचे साधारण १०० धरले, तर तेच अंतर तोडायला १९ चपात्या जास्त!

पर्थहून पूर्वेकडे जाताना वाटेत नलार्बोर हे विस्तीर्ण सपाट मैदान लागते. त्याच्या नावाचा लॅटिनमधला अर्थच 'एकही झाड नाही' असा आहे. तेथे वारा उलटला, तर आडोसा मिळणार कोठून? घाट चढताना खर्ची पडलेली ऊर्जा उताराला बरीचशी परत मिळते. वारा मात्र असे काही साठवून ठेवत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. पाठीमागून तोच वारा असला, तर त्याच ७२.५ वॅटमध्ये वेग येतो ताशी सुमारे २८ किलोमीटर. समजा, तो सिंहगडाच्या दिशेने १० किलोमीटर गेला आणि परत आला. जाताना ५९ मिनिटे, येताना २१, एकूण ८० मिनिटे. वारा नसता, तर ६७ मिनिटे पुरली असती. यावरून काय दिसते? अडवणाऱ्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून पडतो, मदत करणारा वारा थोडाच वेळ लाभतो. म्हणून फिटंफाट कधीच होत नाही. त्या मुलाची ताकद कमी नव्हती. फक्त घरी सांगितलेल्या वेळेत वारा धरलेला नव्हता.

मग शहाण्या स्वाराने काय करावे? पहिले, वेगाचा हट्ट सोडावा आणि पायांवरचा जोर सारखा ठेवावा. दुसरे, कोपरे वाकवून अंग खाली झुकवावे. त्यामुळे हवेचा विरोध पाचव्या हिश्शाने जरी घटला, तरी आपल्या उदाहरणात पावणेदोन तास वाचतात. तिसरे, अशा दिवशी मुक्काम अलीकडे हलवावा. ती हार नव्हे. उद्याच्या प्रवासासाठी राखून ठेवलेली ती ऊर्जाच होय.

करून पाहा : वारा निम्मा, म्हणजे सेकंदाला २.५ मीटर असेल, तर सेकंदाला ५ मीटर वेग टिकवण्यासाठी किती शक्ती लागेल? आधी अंदाज लिहून ठेवा, मग गणित करा. उत्तर १८५ च्या निम्मे येते का, ते ताडून पाहा.