एका कामाला एक कागद, एका कामाला एक अंगठा



१ जूनपासून बंदी चालू आहे. ट्रॉलर जेटीला बांधलेत, होड्या वर ओढून झाकल्यात. ३१ जुलैपर्यंत आपली तीनच कामं: जाळी दुरुस्त करायची, इंजिन खोलायचं आणि कागदपत्रं करायची. नोंदणी, परवाना, विमा, डिझेलची सवलत, किसान क्रेडिट कार्ड... जिथे जाऊ तिथे आधारची झेरॉक्स. म्हणून आज बोलूया ते आपल्या नावाच्या चोरीबद्दल.

गेल्या मोसमातली गोष्ट. आपल्यातल्याच एका बोटीवरच्या खलाशाला पोलिसांचा फोन आला. त्याच्या नावावरच्या मोबाईल नंबरवरून कोणाला तरी फसवलं होतं. तो नंबर ह्या गड्याने कधी बघितलासुद्धा नव्हता. मग आठवलं. नवीन सिम घ्यायला गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "अंगठा आला नाही, परत लाव." ह्याने परत लावला. पहिल्या अंगठ्यावर त्याचं सिम निघालं, दुसऱ्यावर दुसऱ्या कोणाचं तरी. पंधरा दिवस तो बोटीवर गेला नाही, ठाण्याच्या फेऱ्या मारत बसला. मोसमातले पंधरा दिवस म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या लोकांना हा धोका जास्त आहे. दोर ओढून, बर्फात हात घालून बोटांच्या रेषा झिजतात. मशीनवर अंगठा एका वेळेला लागत नाही हे खरंच आहे. त्यामुळे "परत लाव" म्हटलं की आपण निमूट लावतो. मासळी विकणाऱ्या आमच्या बायकांचंही तेच. आधारवर पैसे काढताना ओटीपी लागत नाही, अंगठा पुरतो. म्हणून दुसऱ्यांदा अंगठा लावायच्या आधी स्क्रीन दाखवायला सांगा. पहिला व्यवहार खरंच फसला का, रक्कम किती टाकली, ते बघा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या. पावती घेतल्याशिवाय उठू नका.

आता बंदीच्या दिवसांत करायची कामं.

१. आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. सरकारच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की नावावरचे सगळे नंबर दिसतात. जो आपला नाही, त्यापुढे 'माझा नंबर नाही' असं कळवा. ओटीपी आपण स्वतः उघडलेल्या संकेतस्थळावर टाकायचा, फोनवर विचारणाऱ्याला सांगायचा नाही.

२. अंगठ्याला कुलूप लावा. आधारच्या मोबाईल ॲपवर किंवा संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' करता येतं. मग आपला अंगठा कोणी उमटवून घेतला तरी चालत नाही. रेशनला किंवा बँकेत जाताना तेवढ्यापुरतं उघडायचं. मात्र आधारला आपला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. अडचण आली तर १९४७ वर फोन करा.

३. झेरॉक्सवर लिहा. "फक्त बोटीच्या विम्यासाठी", तारीख आणि सही. हे अक्षरांवरून आडवं लिहा, कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो. चालत असेल तिथे झाकलेलं आधार द्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्स बिघडली तर दुकानात टाकून येऊ नका, फाडून आणा.

४. बोटमालकांनो, हे आपल्यासाठी. वीस-पंचवीस खलाशांची आधार आपल्या मोबाईलमध्ये असतात आणि आपण ती ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर गेलेला फोटो कुठवर जाईल ते सांगता येत नाही. ज्याला पाहिजे त्यालाच पाठवा, काम झालं की पुसून टाका. आणि खलाशाचं मूळ कार्ड अडकवून ठेवू नका. समुद्रात तपासणी झाली तर ते त्याच्याजवळ असायला पाहिजे. तो ओडिशाचा असो की कर्नाटकातला, त्याचं नाव आपल्या भरवशावर आहे.

५. समुद्रावर जायच्या आधी. आपल्याला आठ-आठ दिवस रेंज नसते, म्हणून सिम बंद पडलं तरी शंका येत नाही. त्या वेळेत कोणी आपल्या नावाने दुसरं सिम काढलं, तर बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. निघण्याआधी एटीएम कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा, मर्यादा कमी करा. किनाऱ्याला आल्यावर बाकीच्यांच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याच नाही, असं झालं तर घरी जाऊन झोपू नका. आधी मोबाईल कंपनीला आणि बँकेला विचारा.

६. वर्षातून एकदा आपल्या नावावरची कर्जं तपासा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा.

एवढं करूनही पैसे गेले तर? आधी १९३० वर फोन. जितक्या लवकर कराल, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. मग बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान आपल्यावर पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून लाजून गप्प बसू नका. फसलेल्याला हसणाऱ्यांनीही विचार करावा, उद्या आपली पाळी असेल.

ज्यांना मोबाईलवरचं जमत नाही, त्यांनी आपला फोन आणि आधार घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावं. बसून करून देऊ. ओटीपी मात्र तुम्हीच टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही.

हे आपल्या बोटीच्या तांडेलाला आणि घरच्या बायकांना वाचून दाखवा.