उंच आकाशातील वारे आणि मान्सूनचा लहरीपणा

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकऱ्याची दृष्टी आकाशाकडे वळते. ढग जमतात, पहिली सर पडते, पेरणी उरकते. आणि मग पंधरा-पंधरा दिवस पावसाचा थेंब नसतो. कोवळे अंकुर करपतात, बियाणे वाया जाते आणि दुबार पेरणीचा भार कर्जाच्या रूपाने शेतकऱ्याच्या संसारावर पडतो. पावसाचा हा लहरीपणा म्हणजे नशिबाचा खेळ, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु या लहरीपणालाही कारणे आहेत. त्यांपैकी काही कारणे जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांत दडलेली आहेत. शास्त्रज्ञ त्यांना जेट प्रवाह म्हणतात.

शोधाचा आरंभ

जपानमधील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञाने 1923 ते 1925 या काळात फुगे सोडून वरच्या हवेचा अभ्यास केला. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून अतिशय वेगाने वारे वाहतात, असे त्यास आढळून आले. हे निष्कर्ष त्याने 1926 साली एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केले. परंतु जगाचे त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या बाँबफेकी विमानांना याच वाऱ्यांचा सामना करावा लागला, तेव्हा कोठे त्यांचे महत्त्व सर्वांना पटले.

हे झाले पश्चिमेकडून येणाऱ्या प्रवाहाविषयी. भारताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शोध एका भारतीय शास्त्रज्ञाने लावला. पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झालेले डॉ. पी. कोटेश्वरम् यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे दाखवून दिले की, उन्हाळी मान्सूनच्या काळात दक्षिण भारतावर सुमारे 14 ते 16 किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा एक जेट प्रवाह असतो. त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक असतो आणि तो अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेपर्यंत पोहोचतो. जून ते सप्टेंबर हा त्याचा काळ. म्हणजे नेमका आपल्या पावसाळ्याचा काळ होय.

हा वारा कसा निर्माण होतो?

तिबेटचे पठार समुद्रसपाटीपासून सरासरी चार किलोमीटरहून अधिक उंच आहे. उन्हाळ्यात ते तापते आणि त्यावरील हवाही तापते. हिमालयाच्या पायथ्याशी व उत्तर भारतात पाऊस पडू लागला की, वाफेचे पाणी होताना मोकळी होणारी उष्णता त्यात भर घालते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे उंचावर पाहिल्यास तिबेटच्या बाजूस हवेचा दाब अधिक आणि विषुववृत्ताच्या बाजूस कमी, अशी स्थिती येते. हवा दक्षिणेकडे जाऊ लागते. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा आपल्या उजव्या हातास वळते. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर उजवा हात पश्चिमेकडे येतो. म्हणून हा वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. हिवाळ्यात उत्तरेकडील हवा थंड असते, स्थिती उलट होते आणि वाराही पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. शाळेतील विद्यार्थ्यांना नकाशासमोर उभे करून शिक्षकांना हा भाग सहज समजावून देता येईल.

खालचा प्रवाह

वरचा प्रवाह हा मान्सूनच्या चाकाचा वरचा भाग मानला, तर खालचा भाग म्हणजे समुद्रावरून बाष्प आणणारा नैर्ऋत्येचा वारा. या खालच्या वाऱ्यातही सुमारे दीड किलोमीटर उंचीवर एक वेगवान प्रवाह असतो. पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन या भारतीय शास्त्रज्ञांनी 1966 साली दक्षिण भारतावरील त्याचे अस्तित्व दाखविले. जे. फिंडलेटर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1969 साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडणारा त्याचा मार्ग स्पष्ट केला.

हा प्रवाह एका जागी स्थिर नसतो. मान्सून जोरात असतो तेव्हा तो भारतीय द्वीपकल्पावरून सरळ जातो. कोकण, गोवा व घाटमाथा चिंब होतो. पावसात खंड पडतो तेव्हा तो दक्षिणेकडे सरकून द्वीपकल्पाला वळसा घालतो. शेतकऱ्याला शेतात जाणवणारी उघडीप ही अशा रीतीने हजारो किलोमीटरच्या वायुप्रवाहाशी जोडलेली असते.

प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते, त्या स्थितीस एल निनो म्हणतात. अशा वर्षी वरचा पूर्वेकडील प्रवाह दुर्बल होण्याकडे कल असतो. महाराष्ट्राच्या स्मरणात असलेल्या 1972 च्या दुष्काळाचे वर्ष हे असेच होते. मात्र हा नियम अटळ नाही. 1997 साली एल निनो प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून एकाच कारणावरून भाकीत करणे धोक्याचे ठरते.

बदलते चित्र

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने विचार करावयास लावणारा आहे. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसून आले. याचे कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्रावरील खालच्या वाऱ्यांतील वाढत्या चढउतारांकडे बोट दाखविले. मान्सूनचे एकूण अभिसरण दुर्बल होत असतानाही हे वारे मधूनच उसळी घेतात आणि बाष्पाचा मोठा लोट देशात आणतात. म्हणजे हंगामाची सरासरी पाहून निश्चिंत राहता येत नाही. तेवढाच पाऊस थोड्या दिवसांत कोसळला, तर पीक एकदा पाण्याने आणि पुन्हा पाण्यावाचून जाते.

गावाने काय करावे?

वाऱ्याची दिशा बदलणे कोणाच्याही हाती नाही. परंतु नुकसान कमी करणे हाती आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावाचून पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला पहिल्या सरीचा मोह आवरण्यासाठीच आहे. हवामान खात्याचा कृषी हवामान सल्ला ग्रामपंचायतीच्या फलकावर नियमितपणे लागला, तर तो वाचू शकणाऱ्याबरोबरच ऐकणाऱ्यापर्यंतही पोहोचेल. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांनी रोजची नोंद घेतली, तर गावाला आपल्या पावसाची ओळख होईल. बांधबंदिस्ती व शेततळी उसळत्या पावसाचे पाणी अडवितात आणि उघडिपीच्या दिवसांत तेच पाणी पिकाला जगविते.

मुंबई, नागपूर यांसारख्या केंद्रांवरून सोडल्या जाणाऱ्या फुग्यांतील उपकरणे वरच्या हवेतील तपमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग कळवीत असतात. या नोंदींतून सिद्ध झालेले ज्ञान पेरणीच्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगी पडले पाहिजे. तो दुवा जोडण्याचे काम अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे आहे.