चिनाब : बर्फापासून बाजारापर्यंत

कापडाचा भाव आम्ही सुतावरून काढतो, सुताचा कापसावरून. कापूस मात्र पाण्यावर पिकतो, हे आम्ही व्यापारी विसरतो. त्यासाठी चिनाब नदीचा मार्ग समजून घ्यावा.

हिमाचल प्रदेशात बारालाचा खिंडीजवळ चंद्रा आणि भागा या नद्या उगम पावतात व तांडी येथे एकत्र येतात. हीच चिनाब. किश्तवाड, रियासी, अखनूर असा प्रवास करून ती सियालकोट जिल्ह्यातून पाकिस्तानात शिरते. त्रिम्मू येथे तिला झेलम मिळते, पुढे रावी, मग सतलज. हा पंजनद प्रवाह मिठनकोटजवळ सिंधूला जाऊन मिळतो.

डोंगरात सलाल व बगलिहार येथे या पाण्यावर वीज होते, मैदानात शेती. 1892 मध्ये खानकीहून लोअर चिनाब कालवा सुरू झाला. कोरड्या रानात वसाहती झाल्या आणि लायलपूरची बाजारपेठ उभी राहिली. 1977 पासून तिचे नाव फैसलाबाद. आमच्या भिवंडी-मालेगावप्रमाणे तेथेही यंत्रमाग चालतात.

1960 च्या सिंधू जलकराराने चिनाबचे पाणी मुख्यतः पाकिस्तानला दिले. भारताला वीजनिर्मिती व मर्यादित सिंचनाची मुभा राहिली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने करार स्थगित केला. पंजाबात कापसाची पेरणी उन्हाळ्यात होते. त्या दिवसांत वरून पाणी किती व केव्हा सुटते, यावर खालचे पीक अवलंबून असते.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, गाठीचा भाव विचारण्याआधी नदीची खबर घ्यावी.