यादीतलं ‘डज’

‘चोवीस सहायक क्रियापदं तोंडपाठ करा, निम्मं इंग्रजी खिशात.’ नंदुरबारच्या एका क्लासमध्ये तलाठी भरतीची तयारी करणारी आम्ही शहादा-तळोद्याकडची पोरं हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून बसलो होतो. पुढची सगळी भानगड त्या यादीनेच केली.

सराव परीक्षेत प्रश्न आला: ‘शी डज हर होमवर्क’ यातलं ‘डज’ मुख्य की सहायक? मी मुख्य लिहिलं. लाल फुली. विचारायला गेलो तर सर म्हणाले, “यादीत आहे ना? मग सहायकच.” मी म्हटलं, “सर, मग या वाक्यात मुख्य कोणतं? होमवर्क तर नाम आहे.” याचं उत्तर द्यायचं सोडून सरांनी अख्ख्या वर्गासमोर माझी अहिराणी काढली. “भाऊ, आधी तुझी मराठी नीट कर, मग मला इंग्रजी शिकव.” पोरं हसली. ज्यांच्या घरी माझ्यासारखीच अहिराणी बोलतात, तीही हसली. ते जास्त लागलं.

परतीच्या एसटीत तेच डोक्यात. प्रकाशा गावाजवळचा पूल आला तेव्हा मागच्या सीटवर कुणीतरी मोबाइलवर ओरडत होतं, “तो घर जाई ऱ्हायना!” आणि माझी ट्यूब पेटली. ‘जाई ऱ्हायना’त राहण्याचा काय संबंध? माणूस तर निघालाय. ‘ऱ्हायना’ फक्त क्रिया चालू आहे एवढं सांगतं. उलट ‘तो नंदुरबारले ऱ्हास’ म्हटलं की तेच क्रियापद मुख्य. म्हणजे ज्या बोलीवर सर हसले, तिच्यातच उत्तर पडलेलं. प्रमाण मराठीत तरी वेगळं काय आहे? ‘जेवून गेला’ यात दोन क्रिया, ‘पटकन बोलून गेला’ यात एकच. तिथे ‘गेला’ सहायक. मराठी व्याकरणाच्या तासाला हेच सर हा फरक घसा कोरडा करून समजावतात. इंग्रजी आलं की यादी!

आता कामाचं. वाक्य नकारार्थी करून बघा. ‘शी डज हर होमवर्क’चं होतं ‘शी डज नॉट डू हर होमवर्क’. नकारासाठी ‘डज’ वेगळं आणावं लागलं, म्हणजे आधीचं मुख्य होतं. ‘आय हॅव अ सायकल’चं ‘आय डोन्ट हॅव अ सायकल’, पण ‘आय हॅव सीन इट’चं सरळ ‘आय हॅवन्ट सीन इट’. प्रश्न करूनही हेच कळतं. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी ‘का’ लावलं की प्रश्न तयार, त्यामुळे हे मदतीचं ‘डू’ अंगवळणी पडत नाही आणि तोंडातून ‘डिड यू वेन्ट’ निघतं.

‘बी’ला मात्र ही कसोटी लावू नका, फसाल. ‘ही इज अ टीचर’मध्ये ‘इज’ मुख्य असूनही ‘नॉट’ त्यालाच चिकटतं. तिथे पुढे दुसरं क्रियापद आहे का, ते पाहायचं. ‘इज टीचिंग’ असेल तर सहायक. क्रियापदांची रांग लागली तर शेवटचं मुख्य: ‘आय हॅव हॅड माय लंच’मध्ये पहिलं सहायक, दुसरं मुख्य. ‘येस, आय डू’मधलं ‘डू’ सहायकच. मुख्य क्रियापद बोलणाऱ्याने गिळलेलं असतं. नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं माहीत आहे ना, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये? कुठे बसलात त्यावर तुमचं राज्य ठरतं. ‘डू’ आणि ‘हॅव’चंही तसंच.

बाकी रोज वाचा, इंग्रजी पेपर चाळा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. फी हप्त्याने घेणारा क्लास बघा. आमच्याकडून एकरकमी घेतली आणि परत मागितल्यावर ‘नियमात बसत नाही’. पैसे भरण्याआधी एक दिवस मागच्या बाकावर बसून या आणि शंका विचारणाऱ्या पोराला सर काय उत्तर देतात ते ऐका.

पुढच्या बॅचच्या नोट्स मित्राने दाखवल्या. ‘डू, हॅव, बी: मुख्य व सहायक दोन्ही’ असा नवा रकाना, आणि उदाहरण कोणतं, तर ‘शी डज हर होमवर्क’! माझा कापलेला गुण काही परत आला नाही. ‘नीड’ अजून नुसत्याच सहायकांत आहे. ‘ही नीड नॉट गो’मध्ये ते सहायक असतं, ‘ही डज नॉट नीड मनी’मध्ये मुख्य. या वेळी मी सांगायला जाणार नाही.