घरचा संगणक आणि घरची साठवण

विद्यार्थी मित्रहो, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपल्या गोव्यातील गृहिणी पावसाळ्याची बेगमी करून ठेवतात. सुक्या मिरच्या, आमसुले, मीठ, खारवलेल्या कैऱ्या, सुकी मासळी असे पुरुमेंताचे सर्व जिन्नस आपापल्या जागी जातात. एका बरणीस बुरशी आली तर दुसरी हाताशी असावी, म्हणून शहाणी गृहिणी सगळे लोणचे एकाच बरणीत भरीत नाही. ही साधी रीत संगणकाच्या बाबतीत मात्र आम्ही शिकलेली माणसे विसरतो. त्यापायी आमची स्वतःची जी हानी झाली, ती प्रथम सांगतो.

आमच्या आजीस धालोची गाणी पुष्कळ येत. पौषात मांडावर गाण्यास ती नेहमी पुढे असे. तिच्या उतारवयात आम्ही तिच्यापाशी बसून सत्तावीस गाणी ध्वनिमुद्रित केली व घरच्या संगणकात ठेविली. दोन वर्षांनी आजी निवर्तली. पुढे एका पावसाळ्यात संगणकाची हार्ड डिस्क अकस्मात निकामी झाली. दुरुस्ती करणाऱ्याने पुष्कळ खटपट केली, परंतु गाणी परत मिळाली नाहीत. आज आमच्यापाशी त्यांतील एकच गाणे आहे, आणि तेही मामेबहिणीस ईमेलने पाठविले होते म्हणून! यंत्र आज ना उद्या बिघडणारच. दुसरी प्रत करून ठेविली नाही, हा दोष सर्वस्वी आमचा.

संगणक लक्षात कसे ठेवतो, हे एकदा समजून घ्यावे. त्याची स्मृती दोन प्रकारची असते. पहिली ‘रॅम’. आपण लिहीत असतो तो मजकूर प्रथम तेथे असतो, आणि वीज जाताच फळ्यावरील खडूच्या अक्षरांप्रमाणे पुसला जातो. दुसरी स्मृती डिस्कची. ती वहीसारखी टिकाऊ असते. फळ्यावरचे वहीत उतरविण्यासाठी ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या दोन कळा एकत्र दाबावयाच्या असतात. दर परिच्छेदानंतर हे करण्याची सवय लावून घ्यावी. चुकून काही पुसले गेले, तर लगेच ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ दाबावे. बहुधा ते परत येते.

परंतु वहीसुद्धा फाटते. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये त्याच्या हजारो पट मजकूर राहतो. सोय वाढली, तसा धोकाही वाढला. कारण एक लहानशी वस्तू हरवली की साऱ्या घराच्या आठवणी एका क्षणात जातात.

यावर जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर अथवा पेनड्राइव्हवर, तिसरी मावशीच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. फोनमधील छायाचित्रे आपोआप इंटरनेटवर जातात म्हणून पुष्कळजण निर्धास्त असतात. परंतु अनेकदा फोनमधील चित्र पुसताच तिकडचेही पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. पेनड्राइव्ह एकदम उपटू नये. संगणक कधीकधी मजकूर थोडा वेळ राखून मग उतरवितो. यास्तव ‘इजेक्ट’ करूनच तो काढावा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. २०११ पासून ३१ मार्च हा ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळला जातो. त्या दिवशी तरी प्रती उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. पूर्वी ज्या फाँटमध्ये मजकूर टंकिला असेल तो दुसऱ्या संगणकावर नसला, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ पासूनच्या युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो गोव्यात आणि इंदुरात एकच. इनस्क्रिप्ट पद्धतीत के, सी, एन या कळा ओळीने दाबल्या की ‘कमल’ हा शब्द उमटतो. थोड्या दिवसांच्या सरावाने हात बसतो.

आता साठविण्यासारखे चांगले कोठे मिळेल, ते सांगतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतो. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. जुना शब्द अडला की तेथे पाहावे. इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयात कित्येक जुनी मराठी पुस्तके आहेत. मराठी व कोंकणी विकिपीडियाही उपयुक्त आहेत. मात्र तेथे कोणासही लिहिता येते, म्हणून लेखाखालील संदर्भ पडताळूनच विश्वास ठेवावा.

साठविलेले चोरीसही जाते. पासवर्ड लांब असावा, आणि बँकेचा व ईमेलचा एकच नसावा. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे समोरचा प्रामाणिक आहे, असे समजू नये; आपला मजकूर वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. फोनवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणुकीने पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

मित्रहो, तुमच्या घरी आजी असेल, आजोबा असतील. त्यांना एखादे गाणे, एखादी कहाणी, गावाची एखादी जुनी हकिकत ठाऊक असेलच. येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसा, ती ध्वनिमुद्रित करा, आणि त्याच संध्याकाळी तिच्या तीन प्रती करा. आम्ही ते काम ‘पुढे करू’ म्हणून ठेविले. तुम्ही ठेवू नका.