ट्रॅक्टरचे गंजलेले नट-बोल्ट सोडविण्याची योग्य पद्धत

ट्रॅक्टरचे मडगार्ड, बॉनेट, पायदान किंवा दिव्याची पट्टी दुरुस्तीसाठी काढावी लागते. काम तसे अर्ध्या तासाचे असते. परंतु एखादा बोल्ट गंजून बसलेला असेल तर अख्खा दिवस मोडतो. घाईने जोर लावला की बोल्टचे डोके गोल होते किंवा बोल्ट मध्येच तुटतो. मग पाच-दहा रुपयांच्या बोल्टसाठी ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये उभा राहतो आणि वाफसा निघून जातो. हे नुकसान टाळण्यासाठी पुढील क्रमाने काम करावे.

बोल्ट का अडकतो?

लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते. आट्यांमधील बारीक फट या गंजाने भरते व नट आणि बोल्ट एकमेकांत आवळले जातात. मडगार्डखालील बोल्टांवर चाकाचा चिखल सतत उडत असल्याने ते लवकर गंजतात. खतांच्या क्षारांमुळे, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराईडमुळे, गंज झपाट्याने वाढतो. कोकण किनारपट्टीवर खारी हवाही हेच काम करते.

पूर्वतयारी

१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे व चाकांना उटी लावावी.

२) दिव्यांच्या वायरी सोडवून त्यांवर खुणा कराव्यात. बॅटरीची ऋण बाजूची वायर प्रथम काढावी. जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी.

३) बोल्टवरील चिखल खरडून बाहेर आलेले आटे वायर ब्रशने स्वच्छ करावेत. मातीवर तेल ओतल्यास ते आट्यांपर्यंत पोहोचत नाही.

४) गंज सैल करणारे पातळ तेल नट व बोल्ट यांच्या सांध्यावर सोडावे. ते नसल्यास डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून वापरावे. संध्याकाळी एकदा व सकाळी पुन्हा एकदा सोडून रात्रभर मुरू द्यावे. जाड ग्रीस येथे उपयोगी पडत नाही. तेल ब्रेकच्या भागांवर, पट्ट्यांवर व रबरी नळ्यांवर पडू देऊ नये.

५) तेल सोडल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. धक्क्याने गंजाला भेगा पडतात व तेल आत शिरते.

पाना लावताना

उघड्या तोंडाचा पाना बोल्टचे दोनच पैलू धरतो, त्यामुळे तो सटकतो. अडकलेल्या बोल्टसाठी बरोबर मापाचा सहा कोनी बॉक्स पाना वापरावा. ६ मि.मी. बोल्टला साधारणतः १० नंबरचा व ८ मि.मी. बोल्टला १३ नंबरचा पाना लागतो. पाना आपल्याकडे ओढावा. ढकलल्यास तो सटकून हाताला इजा होते.

प्रथम बोल्ट किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा. कट्‌ असा आवाज आला की गंज तुटला असे समजावे. नंतर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा आटा सोडवावा, पुन्हा पाव आटा आवळावा, तेल द्यावे व असे करीत बाहेर काढावा. ६ किंवा ८ मि.मी. बोल्टला पान्यावर लांब पाईप घालून जोर लावू नये. बोल्ट हमखास तुटतो.

बॉनेटच्या आतील नट पुष्कळदा पत्र्यालाच जोडलेले असतात. तो जोड सुटला तर बोल्टबरोबर नटही फिरू लागतो. अशा वेळी मागून नट पकडीने घट्ट धरावा.

उष्णतेचा वापर

वरील उपायांनी बोल्ट न हलल्यास नट तापवावा. नट प्रसरण पावतो व गंजाची पकड सुटते. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. मात्र डिझेलची टाकी, इंधन नळ्या, बॅटरी, टायर व वायरी जवळ असल्यास ज्योत वापरू नये. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो. ज्योत लावण्यापूर्वी आधी सोडलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे व वाळूची बादली जवळ ठेवावी. तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. त्याची ताकद कमी झालेली असते.

पातळ पत्र्यावरील नट तापविण्याऐवजी कापणे चांगले. हॅकसॉने नटाच्या एका पैलूवर उभी चीर द्यावी व छिन्नीने नट फोडावा. डोळ्यांवर चष्मा अवश्य लावावा.

बोल्ट तुटला तर

तुकडा थोडा बाहेर असल्यास पकडीने फिरवावा. आत राहिल्यास मध्यबिंदूवर पंचने खूण करून आधी ३ मि.मी. ड्रिलने सरळ भोक पाडावे, मग मोठे करावे. ८ मि.मी. बोल्टचे आटे नव्याने पाडायचे झाल्यास भोक ६.८ मि.मी. ठेवतात. भोक तिरके गेल्यास हाऊसिंग खराब होते. म्हणून इंजिन किंवा ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये तुटलेला बोल्ट अनुभवी कारागिराकडूनच काढून घ्यावा.

परत बसविताना

आटे स्वच्छ करून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा, वायसर नवे घालावेत व प्रथम सर्व बोल्ट हातानेच दोन-तीन आटे बसवावेत. ग्रीस लावलेला बोल्ट सहज आवळला जातो, म्हणून जास्त जोर लावू नये. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल, तर त्याच प्रतीचा बोल्ट घ्यावा. रोटाव्हेटरच्या पात्यांना साधे बोल्ट लावणे धोक्याचे आहे. पाते निखळून जवळच्या माणसास लागू शकते.

खत पेरणीनंतर यंत्र त्याच दिवशी पाण्याने धुवून कोरडे करावे व पावसाळ्यापूर्वी उघड्या आट्यांवर ग्रीस लावावे. एवढे केल्यास पुढील दुरुस्तीच्या वेळी बोल्ट पान्याच्या एका झटक्यात सुटेल.