सिद्धान्त शिकवताना जे कळलं

१. एम.ए.चा सामाजिक सिद्धान्ताचा पेपर मुलं बहुधा गाइडवर काढतात. म्हणून वर्गात मूळ ग्रंथ उघडायलाच हवा. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं, आत्महत्येची सामाजिक कारणं शोधणारं १८९७चं पुस्तक मी थोडं थोडं, मराठीत उलगडत वाचून घेतो. विदर्भातून आलेली मुलं मग शेतकरी आत्महत्यांवर वेगळे प्रश्न विचारू लागतात. ‘मनाचा कमकुवतपणा’ मागे पडतो. कर्ज, बाजार, गावातले तुटलेले आधार पुढे येतात.

२. इथला विचार शेवटच्या प्रकरणात ढकलू नये. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न हा जातीचा गाभा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा तो गाभा टिकवण्यासाठी, अशी ती मांडणी. जातीतच लग्न करण्याची ही रीत इतर समूहांत कशी पसरली हे सांगताना त्यांनी फ्रेंच विचारवंत तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांचं कूर्गवरचं, संस्कृतीकरणाची, म्हणजे वरच्या जातींच्या अनुकरणाचीच, संकल्पना मांडणारं पुस्तक आलं त्यानंतर, १९५२ मध्ये. तरी मी पाहिलेल्या कित्येक अभ्यासक्रमांत श्रीनिवास ‘सिद्धान्ता’त आणि आंबेडकर ‘चळवळी’त! हे मला कधीच पटलेलं नाही. जात आणि बाईवरची बंधनं एकाच सूत्रात समजावणारा तो निबंध पहिल्याच सत्रात शिकवायला हवा.

३. आत्मकथनं सिद्धान्ताच्या तासाला आणावीत. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २००६च्या आपल्या पुस्तकात बेबी कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार या दलित स्त्रियांची आत्मकथनं समाजशास्त्राच्या मध्यभागी आणली. ही आत्मकथनं वाचतो त्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुली जितक्या बोलतात, तितक्या एरवी बोलत नाहीत.

४. इंग्रजी वाचता यावंच लागतं. त्याला पर्याय नाही. पण विचार मराठीत करणारा विद्यार्थी कच्चा असतो, हे साफ खोटं आहे.

५. सिद्धान्त कोणी मांडायचा आणि माहिती कोणी गोळा करायची, हे आपल्या विद्याक्षेत्रात जातीनं ठरत आलं आहे. राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये हे स्पष्ट लिहिलं. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलांना ‘तू आपल्या समाजाचा सर्व्हे कर’ असा सल्ला मिळताना मी अनेकदा ऐकलं आहे. तुम्ही पीएच.डी.चे मार्गदर्शक असाल, तर त्या मुलाला सर्व्हेबरोबर सिद्धान्ताचं प्रकरणही मागा, आणि ते लिहायला पुरेसा वेळ द्या.